झोयाच्या भावाची गोष्ट

आमच्या बान्तामा वस्तीतल्या नळावर बातमी फुटली ती अशी: इंजिनियर अमोआकोच्या गोऱ्या बायकोनं केजेतियाच्या बाजारातून भाऊ विकत आणला, आणि त्याच्यावर एक बकरा फुकट मिळाला.

यातलं बकऱ्याचं खोटं. बाजाराचंही खोटं. भाऊ तिला समोरच्याच घरात मिळाला.

झोया मूळची गोऱ्यांच्या मुलखातल्या पोल्टावाची. अमोआको तिकडे शिकायला गेला तो पदवीबरोबर तिलाही आमच्या शहरात, कुमासीला घेऊन आला. पहिल्या वर्षी तिला वाटायचं, इथली माणसं किती प्रेमळ! जेवायला बसलेला जो तो रस्त्यानं जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतो. त्यावर ‘पोट भरलंय’ म्हणून पुढं चालू लागायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. ती बसायची. शिंप्याच्या ताटावर बसली, पोलिसाच्या ताटावर बसली. शेवटी आमची गल्ली दार लावून जेवू लागली.

तेव्हापासून तिनं धोरणच ठरवलं: कितीही नवल वाटलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. ‘प्रभुकृपा शवपेट्या, घरपोच मिळतील’ ही पाटी तिनं न हसता वाचली. मग घरी जाऊन न्हाणीघरात हसली.

पण यंदा तिला न्हाणीघरातही हसू येईना. तिच्या मुलाचं, क्वाकूचं, सेरवा नावाच्या मुलीशी जमलं होतं. मुलीकडे रीतीप्रमाणे दार ठोठावायला जायचं, जिनच्या बाटल्या ठेवायच्या, मागणी घालायची. सेरवाच्या घरातल्या वडीलधाऱ्या आफ्रियेआजींचा निरोप आला: “मुलाच्या मामाला घेऊन या. मामा नसेल तर बाटल्याही आणू नका.”

“माझ्याकडची चाळीस माणसं येतील की,” अमोआको म्हणाला.

“तुमची माणसं गर्दीला ठीक आहेत, इंजिनियरसाहेब.” हे बोलला ओपोकू, समोरचा. जन्मभर ट्रक चालवून आता ओट्यावर बसून गल्ली चालवतो. “आमच्यात मूल आईच्या घराण्याचं. बापानं नाव द्यायचं आणि शाळेत सोडायचं. त्याच्यासाठी शब्द टाकायचा तो मामानं.”

मामा होता, पण पोल्टावात. झोयानं फोन लावला. त्याचं उत्तर आलं की विमानाची भीती वाटते, शिवाय बटाटे काढायला आलेत. क्वाकू दोन दिवस जेवला नाही. परदेशी आईच्या पोटी जन्मलो एवढ्यावर लग्न अडलं, असं तो म्हणाला, आणि ते झोयाच्या काळजाला लागलं.

ती तडक रस्ता ओलांडून गेली.

“ओपोकू, शनिवारी मोकळे आहात?”

“छे! शनिवारी मयत आहे.”

“कुणाचं?”

“ते अजून कळलं नाही. पण शनिवारी असतंच.”

“मग रविवारी माझे भाऊ व्हा.”

ओपोकूनं दातातली काडी काढली. “मोठा की धाकटा?”

“मोठा.”

“मग जमेल. धाकट्याला बाटल्या उचलाव्या लागतात.”

रविवारी ओपोकू खांद्यावरून भरजरी वस्त्र टाकून असा निघाला, की खुद्द अमोआको त्याच्या मागून चालला. सेरवाच्या अंगणात दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसली. आफ्रियेआजींनी आधी ओपोकूकडे पाहिलं, मग झोयाकडे, मग परत ओपोकूकडे.

“मामांचं गाव कोणतं?”

“पोल्टावा,” ओपोकू म्हणाला.

“कुठं आलं हे?”

“उत्तरेला, तामाले शहराच्या पुढं.” आणि खोटं नको म्हणून त्यानं भर घातली, “बरंच पुढं.”

आजींनी मान डोलावली. “गाव कुणीही पाठ करील. मामा असाल तर भाच्याला चार शब्द सुनवा. ऐकू तरी.”

हे काही ठरलं नव्हतं. पण ओपोकू उठला आणि क्वाकूसमोर उभा राहिला.

“काय रे ए! सकाळी माझ्या ओट्यावरून जातोस, नमस्कार करतोस का? कानात ती वायर! तापात फणफणला होतास तेव्हा ट्रकमधून दवाखान्यात कुणी नेलं? तुझ्या बापानं? तो नकाशे काढत बसला होता! आणि ही मुलगी, पोर सोन्यासारखी आहे, तिला परवा उन्हात तिष्ठत ठेवलंस ते मी पाहिलं नाही वाटतं?”

क्वाकूची मान खाली गेली. अमोआको “नकाशे नव्हे, निविदा होती” म्हणायला उठला, त्याला झोयानं खाली बसवलं. बोलता बोलता ओपोकूला रडू फुटलं, आणि ते काही ठरवून नव्हतं. सेरवाकडच्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या.

आजींनी बाटली हळूच आपल्याकडे ओढली. म्हणजे झालं. पण चौकशी केल्याशिवाय त्यांना जिन पचत नाही. झोयाच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, “पोरी, आता बाटली माझी झाली, खरं सांग. हा तुझा भाऊ आहे?”

झोयाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ती म्हणाली, “चार लोकांत माझ्या मुलाला झापतो, माझ्या नवऱ्याची अब्रू काढतो आणि वर स्वतःच रडतो. याला भाऊ नाही म्हणू, तर मग काय म्हणू, आजी? नवरा?”