बर्फातल्या शहराचं चित्र आणि माझं पत्रक

ज्यांच्या गोळ्या तुमच्या भावानं झेलल्या, त्यांच्या शहराचं चित्र तुम्ही गावच्या वाचनालयात लावू द्याल का?

मी म्हणालो होतो, नाही.

माझा थोरला भाऊ फौजेत. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढला आणि लढाई संपल्यावर पलटणीबरोबर हरलेल्या जपानात पहाऱ्याला जाऊन राहिला. सत्तेचाळीस साली रजेवर आला तो बांबूच्या नळीत एक चित्र घेऊन. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात तेव्हा नवं वाचनालय निघालं होतं. त्यानं चित्र वाचनालयाला देऊ केलं. फौजेतल्यांना गाव 'साहेबाची माणसं' म्हणायचं. या चित्राच्या निमित्तानं आपण चार माणसांत बसू, एवढीच त्याची आशा.

मी बेचाळीसच्या चळवळीपासून पत्रकांवर वाढलेला. सायक्लोस्टाईल यंत्र पोलिसांनी पकडलं तेव्हा आम्ही सागाच्या फळीवर उलटी अक्षरं कोरून मथळे छापले होते. शाई लावायची, कागद ठेवायचा, वर वाटीच्या बुडानं घासायचं. भावाच्या चित्राविरुद्धही मी तसंच पत्रक काढलं, चित्र न बघता, आणि आष्ट्याच्या बाजारात हातोहात वाटलं. मथळा होता : 'साहेबाच्या पगारावर शत्रूचं चित्र!'

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात भावानं चित्र उलगडलं. संध्याकाळचा रस्ता, विजेचे खांब, पिवळ्या उजेडाची दुकानं, कागदी छत्री घेतलेली बाई, तिच्यापुढं साहेबी टोपीतला माणूस. सगळ्यावर पांढरं.

वाचनालयाची किल्ली सांभाळणारा म्हातारा म्हणाला, "चुन्याची भट्टी फुटली व्हय रं?"

"आवं, बर्फ हाय त्यो. घोट्याएवढा पडतोय," भाऊ म्हणाला.

"आन् बाई अनवाणी न्हाई ना?"

"लाकडी खडावा हायत, आबा."

लोक हसले. मी हसलो नाही. "दादा, ही नक्कल आहे. लांब जाईल तसा निमुळता होणारा रस्ता, भिंतीवरची सावली, सगळं साहेबाच्या चित्रांतून उचललंय. आणि छापलंय यंत्रावर."

"लय शाना हायस. कागद उलटा कर."

केला. पाठीवर रंग झिरपलेला होता आणि गोल गोल घासल्याच्या खुणा होत्या. त्या खुणा मी ओळखत होतो. आमच्या प्रत्येक पत्रकाच्या पाठीवर त्या असत. म्हणजे हाही फळीवर कोरून हातानं घासलेला कागद. पुन्हा सुलटा केला. बर्फाला रंगच नव्हता. कोरणाऱ्यानं तेवढं लाकूड काढून टाकलं होतं आणि कोरा कागद राहिला होता. रस्ता साहेबाकडून घेतला असेल, पण हात जपान्यांचाच होता.

मी काही बोलणार, तोवर कुणीतरी खिशातून माझं पत्रक काढलं आणि भावापुढं धरलं. "ह्ये बी वाच की गड्या."

त्यानं उभ्यानंच वाचलं. कोरलेलं अक्षर कुणाचं, हे त्याला सांगावं लागलं नाही. घडी करून खिशात घातलं आणि रजा शिल्लक असताना दुसऱ्याच दिवशी पलटणीत परत गेला.

चित्र म्हाताऱ्यानं वाचनालयात लावलं. मी दुसरं पत्रक काढून चूक कबूल केली, पण पहिलं जेवढ्या हातांत गेलं तेवढ्यांत दुसरं गेलं नाही.

येत्या शिमग्याला तो रजेवर येतोय. तेव्हा वाचनालयात या, त्याला शेजारी बसवा आणि चित्राबद्दल विचारा : कुठं मिळालं, कुणी दिलं, थंडी किती होती. एरवी रजेवर आला की मी विचारतो, तर तो तंबाखू मळत बसतो. तुम्ही विचारा.