कंट्रोल मागच्या सीटला

मी जुनी गाडी घेतली तेव्हा लोकांनी ॲव्हरेज विचारलं, टायर दाबून बघितले. आई कुठं बसणार, हे कुणी विचारलं नाही. तिची जागा ठरलेलीच होती. मागची सीट, डावी खिडकी, मांडीवर पिशवी. आमच्याकडे गाडी कुणाचीही असो, पुढं पुरुष बसतात आणि गाणं पुढून लागतं. आवाज किती ठेवायचा तेही पुढूनच ठरतं. आतला दिवासुद्धा पुढचाच हात लावतो आणि डोळ्यावर येतो म्हणून लगेच बंद करतो. मला कळायला लागल्यापासून आई दुसऱ्यांनी लावलेली गाणी ऐकत, पायाखाली चाचपून चप्पल शोधत आलीय. मला याचा राग होता, आणि तो मी गिळणार नव्हते.

वाळूजच्या एका कारखान्यात मी वायरिंग हार्नेसच्या लाईनवर काम करते. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींची बांधलेली जुडी. मोठ्या फळीवर खऱ्या मापाचं चित्र चिकटवलेलं असतं, त्यावरच्या खुंट्यांमधून वायरी ओढून आम्ही ती बांधतो. कुणाच्या बोटाशी कुठलं बटन यावं हे दुसरंच कुणीतरी ठरवून पाठवतं. माझ्या गाडीचं मी ठरवणार होते.

रविवारी घरातला प्लायवूड काढला, त्यावर खाकी कागद लावला आणि आईला सोफ्यावर बसवून तिच्या हाताचं माप घेतलं. खांद्यापासून बोटापर्यंत, कोपरापासून बोटापर्यंत.

"कशाला गं हे? मला कुठं काय लागतंय?" आई म्हणाली.

हे तिचं वाक्य जेवढं माझ्या डोक्यात जातं, तेवढं काकांचं बोलणंही जात नाही.

बेत असा होता. स्टिरिओ समोरून काढून माझ्या सीटखाली टाकायचा, समोरच्या खाचेला झाकण लावायचं. आईच्या दारावर एक मोठं बटन. फिरवलं की आवाज कमीजास्त, दाबलं की पेनड्राइव्हवरचं पुढचं गाणं. त्याच्या शेजारी दिव्याचा खटका. दिवा पिवळा, मंद, सीटच्या खाली, म्हणजे चप्पलही दिसेल आणि पुढच्या काचेत उजेडही पडणार नाही. पुढं फक्त एक बंद करायचं बटन, तेही स्टिअरिंगच्या उजवीकडं, म्हणजे डावीकडं बसणाऱ्याचा हात पोचायलाच नको.

वायरी मी बांधणार होते, पण दाराची पॅनलं उघडायला गाडीच्या स्टिरिओचा दुकानदार लागला. त्यानं कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"मॅडम, कंट्रोल पीछे कौन लगाता? पीछे तो लेडीज बैठते."

"म्हणूनच," मी म्हटलं.

तो मला चौसष्ट रंगांची, गाण्यावर नाचणारी दिव्यांची पट्टी दाखवत होता. मी पिवळ्यावर अडून बसले. शेवटी त्यानं पाना हातात घेतला.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून आमच्या घरातला प्रत्येक निर्णय आपल्यालाच विचारून व्हावा असं त्यांना वाटतं. ते बजाजनगरहून मुद्दाम बघायला आले.

"हे काय करायलीस? मागून कुणी आवाज बदलला तर ड्रायव्हरचं ध्यान उडतं."

"तुम्ही शेजारून बदलता तवा नाय उडत?"

"लई शहाणी झालीस," असं म्हणून ते चहा न घेता गेले. चहा मी टाकलाही नव्हता.

आणि मग माझी फजिती झाली. पहिल्यांदा आईला घेऊन करमाडला निघाले. चिकलठाण्याच्या सिग्नलला गाडी थांबली, आणि गाणं एकदम असं ओरडलं की शेजारचा रिक्षावाला वाकून आत बघायला लागला. आई दोन्ही हात वर करून म्हणत होती, "म्या नाय हात लावला, म्या नाय!" खरंच नव्हता लावला. तिनं नेहमीसारखी चप्पल काढून सीटवर मांडी घातली होती, आणि तिचा गुडघा बरोबर त्या बटनावर घासून ते फिरलं होतं. जन्मभर तिला प्रत्येक गाडीत मांडी घालून बसलेली बघणारी मी, माप मात्र तिला पाय सोडून बसवून घेतलं होतं. गाडीच्या आराखड्यात माणसं बसलेली दाखवतात तसं. माझी मलाच लाज वाटली.

त्याहून वाईट म्हणजे आई आता बटनाला घाबरायला लागली. काकांना कुठून तरी कळलं. त्यांचा फोन आला, "म्हणत व्हतो ना?" मी फोन ठेवला आणि पुन्हा कागद अंथरला.

या वेळी माप गाडीतच घेतलं. आईला तिच्या पद्धतीनं बसू दिलं, तळहाताला खडू लावला आणि म्हटलं, "दमून आलीयस असं समज. आता हात कुठं जातो ते बघू." ती हसली, पण बसली. थोड्या वेळानं हात आपोआप वर गेला आणि दोन दारांमधल्या खांबावर पांढरा डाग उमटला. दाराचं पॅनल पुन्हा उघडून घेतलं, वायरी काढल्या, खांबातून वर नेल्या आणि बटन त्या डागावर बसवलं. तरीही पुढचे आठ-दहा दिवस तिनं त्याला बोट लावलं नाही. माझं जे गाणं चालू असेल तेच ती ऐकायची. एवढं करूनही ती हात लावणार नसेल, तर मी नुसत्या वायरीच बांधल्या होत्या.

मग अजिंठ्याला नात्यातला साखरपुडा निघाला. काका आमच्याच गाडीत आले आणि अर्थातच पुढं बसले. हर्सूल ओलांडलं तेव्हा त्यांचा हात समोरच्या झाकणावर फिरला, खाली गेला, पुन्हा वर आला. तेवढ्यात मागून टक् टक् टक् असा आवाज झाला. माझी गाणी एकामागून एक तुटली आणि कव्वाली सुरू झाली. लांबच लांब, पेटी आणि टाळ्यांची. आईला कव्वाली आवडते हे मला माहीत होतं, म्हणून पेनड्राइव्हच्या शेवटी मी दोन-चार भरल्याही होत्या. ती माझ्यासमोर कधी लावेल असं मात्र वाटलं नव्हतं.

काकांनी बरीच वाट बघितली. माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडं बघत राहिले. शेवटी ते सीटबेल्टच्या पट्ट्यातच अर्धे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी आईला गाडीत काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"वयनी, दुसरं काय तरी लावता का?"

मी आरशात बघितलं. आई मांडी घालून बसली होती. तिचा हात खांबावर होता.

"हे संपू द्या, भावजी," ती म्हणाली, आणि आवाज थोडा वाढवला.