न कापायचा रोल

लाइट गेली की आमची सगळी सोसायटी बोंबलायची आणि पत्रेवाले नाना टाळी वाजवायचे! "चला, वाशी विझली," म्हणत गच्चीवर पळायचे. तिथं त्यांनी सरकत्या छपराची पत्र्याची खोली बांधली होती. आत स्वतः केलेली दुर्बीण आणि तिला जोडलेला कॅमेरा. आम्ही दोघं पावणे एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात. तिथल्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी दुर्बिणीचा एकेक स्क्रू बनवला होता.

एका फोटोला पाऊण तास लागायचा. आभाळ सरकतं, म्हणून ताऱ्यावर डोळा ठेवून हातानं स्क्रू फिरवत बसायचं. तेवढ्यात कुणी गच्चीवर आलं की खेकसायचे, "म्हशीसारखे चालू नका, स्लॅब हलतो!" चेअरमनलासुद्धा.

तोच चेअरमन नडला. गळत होती पाण्याची टाकी, सगळ्यांना माहीत होतं. तरी मीटिंगमध्ये ठराव झाला: खोलीमुळे स्लॅब गळतो, रविवारी पाडायची. एक जण तोंड उघडेल तर शपथ! मीही नाही. हलकट लोक आम्ही.

त्याच आठवड्यात लाइट गेली आणि नानांना मृगातला तेजोमेघ मिळाला. तीन वर्षं त्याच्या मागे होते. सकाळी शिफ्टला निघताना त्यांनी रोल माझ्याकडे दिला. माझी सुट्टी होती. "स्टुडिओवाल्याला सांग, नुसता धुवायचा, कापायचा नाही. आभाळ आणि दोन फोटोंमधली पट्टी सारखीच दिसतात, त्याला फोटोची कड कळणार नाही."

मी रोल काउंटरवर ठेवला, मॅचचा स्कोअर विचारला आणि घरी आलो.

संध्याकाळी पट्ट्या मिळाल्या. कात्री तेजोमेघाच्या बरोबर मधून गेलेली.

"सांगितलं होतंस ना?" नानांनी विचारलं.

"दोनदा सांगितलं, नाना!"

ते तसेच दुकानात गेले, मी मागोमाग. स्टुडिओवाला रडकुंडीला आला. "आयशप्पथ नाना, हा कायपन बोलला नाय!"

"तोंड सांभाळ!" नाना गरजले. "हा माझा माणूस आहे. खोटं बोलणार नाही."

मी नानांबरोबर दुकानातून बाहेर पडलो.

रविवारी पत्रे उतरले. महिन्याभरात घर विकून नाना साताऱ्याला गेले. दुर्बीण पुन्हा लावली नाही म्हणे.

चेअरमनला मी आजही शिव्या घालतो. पण खरा संताप येतो तो नानांचा. अहो, त्या स्टुडिओवाल्याचं ऐकायचं होतंत! भर दुकानात एक मुस्काटात द्यायची होती मला. एवढा कसला विश्वास टाकलात माझ्यावर?