चिंचेच्या पुढं

आमच्या गावातून कडा गावाकडं निघालं की कबरस्थानाच्या अलीकडं रस्त्याला एक चिंच लागते. कुणाच्या मातीला निघालं की पेटी तिथं टेकवायची, खांदे बदलायचे, आणि बायकांनी शेवटचं तोंड बघून माघारी फिरायचं. आम्ही तीन पिढ्यांचे कॅथलिक. देवाला सगळी लेकरं सारखी, असं दर रविवारी घसा फोडून गाणारे! पण चिंच आली की बायकांचे पाय आपोआप थांबायचे. दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशीसुद्धा बायकांनी कबरींवर लावायच्या मेणबत्त्या पुरुषांच्या हाती द्यायच्या आणि घरी बसून जपमाळ म्हणायची. मला याचा लहानपणापासून संताप. आईला माझ्याहून जास्त, फक्त ती माझ्यासारखी आदळआपट करत नसे.

फादर महिन्यातून एकदा नगरकडून यायचे. मिस्सेची उपासना व्हायची, चहा व्हायचा, फादर गाडीला किक मारायचे. बाकीच्या रविवारी पत्र्याच्या प्रार्थनाघराला कुलूप. एकदा फादरच म्हणाले की किल्ली माझ्याकडं कशाला, तुमचं घर तुम्ही चालवा. तेव्हापासून पाळीनं प्रार्थना घेणं सुरू झालं आणि आईनं फेऱ्याची रीत पाडली. काही ठरवायचं तर सगळ्यांनी गोल बसायचं आणि बायबल हातोहात फिरवायचं. ज्याच्या हातात बायबल त्यानंच बोलायचं. फेरा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही. शेजारच्या बौद्ध घरातली आजी गाणी ऐकायला यायची, तर तिच्याही हातात बायबल यायचं. हात वर करून मोजणी कधी नाही. सगळ्यांना पटेल तेवढंच करायचं, उरलेलं पुढच्या रविवारी.

मावशी याच फेऱ्यातून पुढं आली. ती नात्यातली नव्हे, गल्लीतली, ब्लाऊज शिवायची. तिचं एकुलतं लेकरू तान्हेपणीच गेलं आणि वर्षाच्या आत नवऱ्यानं तिला टाकून दुसरी केली. अशा बाईनं वेदीजवळ उभं राहून शुभवर्तमान वाचायचं म्हटल्यावर माझ्या काकांना मिरच्या झोंबल्या. ढोलकी उचलून ते तरातरा निघून गेले. आईनं समजूत काढली नाही की भांडली नाही. मावशीला म्हणाली, तू वाच. बिनढोलकीची गाणी इतकी रडतखडत चालायला लागली की काकांनाच बाहेर राहवेना. दोन-तीन रविवार गेले आणि ते गुपचूप येऊन कोपऱ्यात बसले. अशी माझी आई. माझा जीव तिच्यावरून ओवाळून टाकावा असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

गावात कुणाचं शेवटचं आलं की आधी आईला बोलावणं. काकू गेल्या तेव्हा काकांना खोलीत पाय ठेवण्याचा धीर होईना, काकूंचा हात आईच्याच हातात होता. आणि दुसऱ्या दिवशी तीच आई चिंचेखालून माघारी आली. चुलीपुढं बसून मला म्हणाली, "जीव जाईस्तोवर हात धरायला मी चालते, मातीला न्हाई. कावून?"

स्वतःचं दुखणं वाढल्यावर तिनं मला आणि मावशीला खाटेजवळ बसवलं. माझ्या मातीची प्रार्थना हिनं घ्यायची, ती मावशीकडं बघत म्हणाली, आणि बायकांनी चिंचेपाशी थांबायचं नाही. मी शब्द दिला.

आई ऐन मे महिन्यात गेली. फादर लांब संभाजीनगरला, ते दुसऱ्या दिवशीच पोचणार, आणि उन्हाचा कहर असा की थांबायची सोय नाही. फोनवर त्यांचा आवाज भरून आला. मावशी प्रार्थना घेऊ शकते, माझी परवानगी आहे, म्हणाले, पण सगळे मिळून ठरवा. काकांनी लगेच सांगितलं की पाटोद्याचे, तेलगावचे पाहुणे आलेत, ते तोंडात शेण घालतील. वाचायचं ते मी वाचतो, म्हणाले. माझं टाळकंच सरकलं. आईची पेटी अंगणात आणि यांना पाहुण्यांची पडलीय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि फेरा घ्या म्हणाली.

अंगणात गोल बसलो. माझी पाळी येईपर्यंत मी ओठ चावत बसले होते. शेजारच्या बौद्ध आजीच्या हातात बायबल आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आमच्यात बाया जात्यात मातीला, काही बिघडत न्हाई. मी आईचे शब्द सांगितले, चुलीपुढचेही आणि खाटेवरचेही. शेवटी बायबल काकांकडं आलं. ते बराच वेळ त्याच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले आणि मग अर्धवट कबूल झाले. मावशीनं वाचावं, पण बायका चिंचेपाशीच थांबतील. सगळ्यांना पटेल तेवढंच करायचं ही आईचीच रीत, त्यामुळं मला मूग गिळून बसावं लागलं. आईचं अर्धंच पाळलं जाणार होतं आणि मी आतून जळत होते.

निघालो. पुढं क्रूस, त्यामागं पुस्तक घेऊन मावशी, मग पेटी, आणि मागं आम्ही बायका. चिंचेखाली पेटी टेकवली. बायकांनी तोंड बघितलं, रडारड झाली, पुरुषांनी पेटी पुन्हा उचलली. क्रूस चालू लागला आणि मावशी तिथंच उभी! तिला पुढं जायचं होतं, ठरलं होतं, पुस्तक तिच्याच हातात होतं. पण इतक्या वर्षांची सवय, तिचे पाय आमच्याबरोबर थांबले. पंधरावीस पावलांवर काकांना कळलं की वाचणारीच मागं राहिलीय. त्यांनी खांदा दुसऱ्याला दिला आणि उन्हातून परत आले.

"चला ना बाई," ते म्हणाले.

मावशीनं आईचंच वाक्य सांगितलं, आईच्याच आवाजात म्हटलं तरी चालेल. जीव जाईस्तोवर हात धरायला मी चालते, मातीला न्हाई. कावून?

काकूंचा हात कुणी धरला होता याची काकांना कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ये, आईला खांदा दे. सगळ्याच या."

मी खांदा दिला. मागं बायकांच्या चपलांचा आवाज येत होता आणि मला रडू आवरत नव्हतं. पाहुणे काय म्हणाले कुणास ठाऊक, मी बघितलंच नाही. कबरस्थानात मावशीनं सगळ्या प्रार्थना न अडखळता म्हटल्या, आशीर्वादित पाणी शिंपडलं, पहिली मूठ माती टाकली. फादरांनीही यापेक्षा चांगलं केलं नसतं, हे मी त्यांना नंतर तोंडावर सांगितलं आणि ते हसून हो म्हणाले.

मग पुस्तक मिटून ती काकांजवळ गेली.

"दादा, माझं लेकरू कुठं हाय?"

त्या लेकराला काकांनीच हातावर मातीला नेलं होतं, आणि ही तेव्हा चिंचेखालून माघारी फिरली होती. आई कुणासाठी हट्ट धरून होती ते मला त्या क्षणी कळलं. काका कुंपणाकडच्या बोरीपाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि हातांनी गवत उपटायला लागले. खालून चार दगड निघाले. मावशी त्यांच्या शेजारी बसली आणि तीही उपटायला लागली.