राखेतला चीक

पहिलटकरीण असताना मी लय शहाणी होते. म्हशीच्या चिकाचा खरवस मिटक्या मारत खाल्ला आणि स्वतःचा चीक घाण म्हणून राखेत पिळून टाकला. लेकरू तापानं गेलं.

परवा गंगाखेडच्या दवाखान्यात नातीचं तान्हं बाळ तापलं, तेव्हा पिकल्या केसांची एक डॉक्टरीण रक्त घ्यायला आली. तान्ह्यांच्या तापावर संशोधन करण्यातच तिचा जन्म गेलेला. टोचण्याआधी ऊब यावी म्हणून तिनं बाळाची, तापातही गार पडलेली टाच कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवली.

मी माझी खरवसाची गोष्ट सांगितली आणि वर फुशारकी मारली, "याला मात्र चिकाचा थेंब न थेंब पाजायला लावलाय. आता भ्या न्हाई ना, बाई?"

ती हसली नाही. टाच न सोडता म्हणाली, "लय चांगलं केलंत, आजी. पण चीक पिलेली लेकरंही याच हातांत गेलीत माझ्या. का गेली, तेच अजून शोधायलेय."