पाच मुठी हळद

माझी बायको गेल्या पोळ्याला गेली. त्याआधी आठ दिवस तिनं मला पुन्हा तेच विचारलं, "आवो, त्या हळदीनंच झालं का ओ?" मी म्हटलं, "झोप." सगळा जन्म मी तिला एवढंच म्हणत आलो. आता ती नाही, तर सांगून टाकतो.

निजामाचं राज्य होतं. मी कडा गावात एका जमीनदाराची मोटार चालवायचो. मोटारीच्या तोंडाशी पाण्याची पितळी टाकी होती. तिच्यातलं पाणी इंजिनातून फिरून यायचं आणि इंजिनाला गार ठेवायचं. टाकीच्या झाकणावर काचेची नळी, तिच्यात लाल रेघ. रेघ वर चढली की समजायचं, इंजिन तापलं.

ती टाकी खालून ठिपकायला लागली होती. आम्हा ड्रायव्हर लोकांचा एक इलाज होता. मूठभर हळद पाण्यात टाकायची. गरम पाण्यात ती फुगते आणि बारीक छिद्रात जाऊन बसते. मी घरात हळद मागितली. बायकोनं डबा पुढं केला. तिचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण. ती दारात उभी राहून बघत होती, हसत म्हणाली, "मोटारीला बी हळद लावता का?"

चार दिवसांनी तिला कळा सुरू झाल्या. रात्र गेली, दिवस गेला, मूल अडलं. म्हातारी सुईण सकाळी बाहेर आली आणि म्हणाली, "माज्या हातातलं ऱ्हायलं न्हाई आता. नगरला न्या दवाखान्यात." मालकांनी मोटार दिली, सुईण पण तिच्याजवळ मागं बसली. निघताना मी खाली वाकून बघितलं. जमीन कोरडी होती. मनात म्हटलं, मूठ लागू पडली.

गाव सोडून दोन कोस गेलो नसू, तोवर लाल रेघ वर आली. मी मोटार हळू घेतली. रेघ उतरेना. मागं तिचं कण्हणं आणि पुढं टाकीचं गुरगुरणं, दोन्ही एकदमच वाढत होतं. निजामाची हद्द संपायची तिथं करोडगिरीचा नाका होता, मालावर पट्टी घ्यायचे. तिथं पोचलो तर झाकणाखालून वाफेचा लोट निघाला.

नाक्यावरचा दाढीवाला शिपाई पुढं आला. "काय बे, मोटार हाय का हमामखाना?"

मी म्हटलं, "बायको अडलीय. नगरला चाललोय."

त्यानं मागं डोकावलं. मग म्हणाला, "रांजण भरलेला हाय. ओत पाणी आन् नीघ."

सुईण पण तेच ओरडली, "ओत की रं बाबा, बघत कावून बसलास?"

पण तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की लोखंड तडकतं. मग मोटार तिथंच, आणि आम्ही पण. मी म्हटलं, "न्हाई ओतायचं. निवू दे." सुईणीनं मला आईवरून शिवी दिली. मी ऐकून घेतली.

थांबायचंच होतं, तर कारण शोधायला लागलो. पंख्याचा पट्टा दाबून बघितला, ताठ होता. तेलाची सळई काढली, तेल बरोबर. चारी चाकांना हात लावला, कुठं ब्रेक धरून बसला असेल तर चाक तापतं. सगळी चाकं गार. फडक्यानं धरून झाकण सैल केलं, वाफ जाऊ दिली. आत पाणी होतं. पिवळं होतं, पण ते पिवळं असणारच, हळद मीच टाकलेली. मग टाकीवर पालथा हात फिरवत खाली आलो. वर तव्यासारखी, खाली रांजणासारखी गार. पाणी वरून खाली उतरतच नव्हतं. मध्ये काहीतरी अडलं होतं.

पण काय? एका मुठीनं एवढी टाकी तुंबत नाही. मी समजलो, खालची रबरी नळी आतून सडून मिटली. चाकू काढला. नळी चिरून बघायची. दुसरी नळी माझ्याकडं नव्हती. ती चिरली आणि आत काही निघालं नाही, तर चालतच जावं लागलं असतं, आणि ती चालणार कशी?

चाकू लावला तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. "आवो, थांबा. मी टाकली."

"काय टाकली?"

"हळद. कळा यायच्या आदल्या दिशी. मोटार पुन्हा ठिपकत व्हती. तुमी मालकाकडं गेलते."

"किती?"

"पाच मुठी." मग एक कळ आली, ती दातात पदर धरून थांबली. "एका मुठीनं कुणाची ओटी भरत्यात का? पाच पाह्यजेत न्हवं?"

सुईण कपाळाला हात लावून बसली. मी बोललो, "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण?" ती दीड दिवस कळा सोसत होती आणि मी तिला असं बोललो. तिनं डोळे मिटून घेतले.

चाकू ठेवला. इंजिन हाताला सोसेल इतकं निवल्यावर खालची नळी नुसती सोडवली. टाकीतून पाणी यायला पाहिजे होतं, नुसते थेंब ठिपकले. चाकात हवा भरायचा पंप त्या तोंडाला लावला, भोवती फडकं घट्ट आवळलं. वरून रांजणातलं पाणी ओतायचं आणि खालून उलटी हवा मारायची. चार दणके मारले, काही नाही. माझ्या हातातून पंप शिपायानं घेतला. "सरक बे, तुज्यानं न्हाई व्हायचं." त्यानं सगळं अंग टाकून दणका मारला आणि वरच्या तोंडातून पिवळा लगदा भसकन उसळला, त्याच्या दाढीवर, खाकी सदऱ्यावर.

"मोटारीत कढी शिजवली का रे?" तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मागं ती हसली. तेवढंच, मग पुन्हा कण्हायला लागली.

स्वच्छ पाणी खालून धो धो येईस्तोवर त्याचा अर्धा रांजण संपला. पुढच्या चढावर माझी नजर रस्त्यावर कमी आणि लाल रेघेवर जास्त होती. रेघ खालीच राहिली.

नगरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. ती वाचली. मुलगा झाला, तो मेलेलाच आला. तो पोटात कधी गेला, घरी की नाक्यावर, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. काय सांगतील याची भीती वाटली.

पुढं आम्हाला तीन लेकरं झाली. पण कुणाची ओटी भरायची झाली की तिचा हात चार मुठींपर्यंत नीट चालायचा. पाचवी मूठ घेतली की ती क्षणभर थांबायची. बायकांना वाटायचं, मोजतेय.

आणि मी काय केलं ते ऐका. टाकी ठिपकायला लागली तेव्हाच मालक म्हणाले होते, कासाराकडं ने आणि भोक झाळून घे. एकदा नाही, दोनदा म्हणाले. मी आज नेतो, उद्या नेतो म्हणालो आणि हळदीवर भागवलं. नगरहून आल्यावर नेली. कासारानं भोक घासलं, कथील ओतलं, झालं. माझी बिडी पण संपली नव्हती.

हे मी तिला कधी सांगितलं नाही. ती हळदीचं विचारायची आणि मी म्हणायचो, झोप.