पहिल्या पानावरचे शुभेच्छुक

तीर्थपुरीत कल्याणच्या फ्लेक्सच्या दुकानातून आजवर कोणाचाही वाढदिवस ओसाड गेलेला नाही. उत्सवमूर्ती कितीही किरकोळ असो, मधोमध गॉगल घातलेला तिचा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची ही दाटी. गिऱ्हाइकाने चेहरे कमी आणले, तर उरलेली जागा कल्याण आपल्या संगणकातून भरून काढतो. तिथे अख्खी पंचक्रोशी हात जोडून तयार उभी असते. कोणाला विचारायची पद्धत नाही. एकदा त्याने एका माजी सरपंचांना असंच शुभेच्छुकांत बसवलं. बॅनर चौकात चढल्यावर कळलं, की सरपंचांना जाऊन वर्ष होत आलं आहे. त्यांचा मुलगा दुकानाकडे येताना दिसला तेव्हा कल्याण शटर ओढायच्या बेतात होता. मुलगा म्हणाला, "वडलांचा फोटू लई भारी आला राव. आमाला बी एक काढून दे."

त्या दिवशी कल्याणचं तत्त्वज्ञान पक्कं झालं. माणसाची किंमत त्याच्याखाली छापलेल्या डोक्यांवरून ठरते, आणि फुकटात शुभेच्छुक झाल्याबद्दल कोणीच तक्रार करत नाही. मेलेलेसुद्धा.

हे तत्त्वज्ञान चौकातल्या खांबावर टांगलेलं होतं तोवर ठीक होतं. कल्याणने ते सासुरवाडीला नेलं.

त्याचे सासरे काकासाहेब यांची घनसावंगीजवळ मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका. माणूस कष्टाळू, तोंडाने फटकळ. त्यांना जावई दोन. थोरले भागवतराव जालन्यात शिक्षक. मीठ मागतानाही फळ्यावर लिहून दिल्यासारखं बोलायचे. सासरी त्यांना 'सर' म्हणत आणि कल्याणला 'बॅनरवाला'. हा सल कल्याणच्या मनात कुसळासारखा होता. म्हणून त्याने सासऱ्यांच्या रोपवाटिकेची वेबसाइट स्वतः केली आणि जाहीर केलं, "मामा, गुगलवर मोसंबीचं कलम टाकलं की पयलं नाव तुमचं. माझा शब्द हाय."

वेबसाइट आली चौथ्या पानावर.

"चौथ्या पानावर कोन जातंय?" त्याची बायको राजनंदिनी म्हणाली. "पेपरात बी तिथं जाहीर नोटिसाच आसतात."

मग कल्याणने एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस सांगत होता, की दुसऱ्या वेबसाइटी तुमच्या वेबसाइटकडे बोट दाखवतात, त्याला म्हणायचं लिंक. जितकी जास्त बोटं तुमच्याकडे, तितकी गुगलच्या दरबारी तुमची पत मोठी. कल्याणने मांडीवर थाप मारली. "आरं, हे तर फ्लेक्सच हाय की!" आणि त्याने व्हिडिओ बंद केला. पुढे तो माणूस सांगणार होता, की बोटं आपखुशीची लागतात. विकतची सापडली तर शिक्षा होते. पण बॅनरची शेवटची बारीक ओळ वाचायची सवय कल्याणला नव्हती. ती कोणी वाचत नाही म्हणूनच तर तो ती बारीक छापायचा.

सुरुवात घरच्या गिऱ्हाइकांपासून झाली. मंगल कार्यालय, दातांचा दवाखाना, शिकवणी वर्ग, ज्यांच्या ज्यांच्या वेबसाइटी त्याने केल्या होत्या त्या सगळ्यांच्या तळाशी त्याने गुपचूप एक ओळ चिकटवली: 'उत्तम मोसंबी कलमे'. दातांच्या डॉक्टरांना पेशंट विचारू लागले, की दाढ काढल्यावर मोसंबी लावायची का खायची. मग मोबाइलवर एक 'लिंकगुरू' भेटला. त्याच्याकडून कल्याणने गोल्ड पॅकेज घेतलं. एका फटक्यात जगभरच्या वेबसाइटी काकासाहेबांकडे बोट दाखवू लागल्या. टकलावर केस उगवून देणाऱ्या, चरबी वितळवणाऱ्या, जुगार खेळवणाऱ्या. काहींची तर लिपीच कळेना.

"अहो, ह्या लोकांनी आपली कलमं पायली तरी हायेत का?" राजनंदिनीने विचारलं.

"शुभेच्छुकानं उत्सवमूर्तीला वळखलं पायजे, आसा कुटं नियम हाय का?" कल्याण म्हणाला.

आणि गंमत म्हणजे, जमलं! गेल्या वर्षी ऐन लागवडीच्या तोंडावर रोपवाटिका पहिल्या पानावर झळकली. फोन खणखणू लागले. सगळेच फोन मोसंबीचे नव्हते. एक गडी जुगाराच्या वेबसाइटवरून वाट चुकून आला आणि काकासाहेबांना विचारू लागला, "पैसा लावला तर परत कधी मिळंल?" काकासाहेब गंभीरपणे म्हणाले, "तीन साल दम धर. चवथ्या साली बहार धरला की बघ." गडी म्हणे फोनवर रडला.

पण खरी गिऱ्हाइकंही आली. कलमं संपली. 'बॅनरवाल्या'चे 'जावईबापू' झाले. त्या भरात काकासाहेबांनी यंदासाठी दुप्पट कलमं बांधली आणि नेहमीच्या व्यापाऱ्यांना सांगून टाकलं, "औंदा तुमची जरूरत न्हाई. आमचा जावई इकून राह्यला."

यंदा अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाला सासूबाई पुष्पाबाईंनी दोन्ही जावयांना बोलावलं. पाट मांडले, औक्षण झालं. भागवतरावांना धोतरजोडी आणि कल्याणला शिवलेला सफारी मिळाला. सफारी घालूनच कल्याण ताटावर बसला. पुष्पाबाई धोंड्यांवर तुपाची धार धरत होत्या, काकासाहेब शेजारी बसून कौतुक ऐकायला तयार, आणि भागवतरावांनी डाव्या हाताने फोन काढला.

"कल्याणराव, मी आत्ता शोधून राह्यलो. पहिल्या पानावर न्हाई."

"नेट स्लो आसंल."

"दुसऱ्यावर न्हाई. तिसऱ्यावर न्हाई. आता रोपवाटिकेचं पूर्ण नाव टाकलं, तर जुगाराची वेबसाइट येऊन राह्यली."

काकासाहेबांनी एकदा थोरल्याकडे, एकदा धाकट्याकडे पाहिलं. "मंग माझी रोपवाटिका कुटं गेली?"

कल्याणने तुपकट बोटाने आपला फोन उघडला. गुगलची एक मेल कधीची येऊन पडली होती. अभिनंदन असेल, सावकाश वाचू, म्हणून त्याने ती ठेवून दिली होती. मेल सांगत होती, की या वेबसाइटकडे दाखवलेली बोटं खोटी आहेत, म्हणून ती शोधातून काढली आहे.

"मामा, घोर करू नका," कल्याण घाईने म्हणाला. "आजच याच्यापेक्षा मोठं पॅकेज घेतो..."

राजनंदिनीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "बॅनर फाटला तर त्याच्यावर आनखी डोकी चिकटवता का? आधी हायेत ती उतरवा."

"जावईबापू," काकासाहेबांचा आवाज खाली आला, "मृग तोंडावर हाय. पिशवीतलं कलम थांबत न्हाई. मुळ्या पिशवी फाडून जमिनीत शिरल्या, की उपटल्यावर मेलंच ते. दुप्पट कलमं उभी हायेत माझी, अन् व्यापारी मी तोडून बसलो."

धोंडा कल्याणच्या घशात अडकला. पुष्पाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण अनारशांचा डबा मात्र उचलून आत नेला.

मग उतरवणं सुरू झालं. आयुष्यात हजारो चेहरे चिकटवणाऱ्या कल्याणला एक उतरवताना घाम फुटला. दवाखान्याच्या, कार्यालयाच्या ओळी काढणं सोपं होतं. लिंकगुरूला फोन केला, तर तो प्रेमाने म्हणाला, "हटाने का अलग पॅकेज है भैया. डायमंड." शेवटी ज्या बोटांना आपण ओळखत नाही त्यांची यादी गुगलला कळवायची आणि चूक कबूल करायची, एवढाच मार्ग उरला. कल्याणने अर्ज लिहिला: 'ज्ञानसम्राट, जगाचे मार्गदर्शक, आदरणीय गुगलसाहेब यांस मानाचा मुजरा.' राजनंदिनीने तो पुसला आणि लिहिलं, 'आम्ही लिंका विकत घेतल्या. चूक झाली.' कल्याणला हा मजकूर फार ओकाबोका वाटला. एक हार तरी टाकू, म्हणत होता.

पण गुगल उत्तर देईपर्यंत मुळ्या थांबणार नव्हत्या. कलमं टेम्पोत भरून सासरा-जावई आठवडी बाजार फिरू लागले. कल्याणकडे गबाळे कपडे नव्हते असं नाही, पण "ह्येच घाला, मानाचं हाय," असं पुष्पाबाईंनीच बजावलं होतं. त्यामुळे धोंड्याच्या सफारीत, चिखलात उभा राहून जावई ओरडत होता, "मोसंबी घ्या मोसंबी!" भागवतरावांनी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली एक शब्द: 'शुभेच्छा.'

एका बाजारात एक शेतकरी टेम्पोपाशी आला. कलम उलटंपालटं करून म्हणाला, "तुमची कलमं कुनी लावलीत का? एक नाव सांगा. मी त्याला इचारतो."

कल्याणने मनातल्या मनात यादी चाळली. त्याच्याकडे जगभरचे शुभेच्छुक होते, पण मोसंबी लावलेला त्यातला एकही नव्हता. त्याने सासऱ्याकडे पाहिलं.

"हसनाबादच्या देवानंदला लाव फोन," काकासाहेब म्हणाले.

शेतकऱ्याने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. पलीकडून देवानंद कडाडला, "काकासाहेबाची कलमं? बेस हायेत. बाग डोलून राह्यलाय. पन म्हातारा लई कटकट्या! पानी जास्ती दिलं म्हून माझ्या बांधावर येऊन मलाच शिव्या देऊन गेल्ता!"

कल्याणने डोळे मिटले. संपलं, असं त्याला वाटलं. डोळे उघडले तर शेतकरी पिशव्या उचलून आपल्या जीपमध्ये ठेवत होता. "शिव्या द्यायला येतो म्हन्जी मानूस पक्का हाय," तो म्हणाला.

एका बोटाचं वजन कल्याणला त्या दिवशी कळलं. पुढच्या बाजारात तोच म्हणू लागला, "इश्वास न्हाई? देवानंदरावाला लावा फोन." रोजच्या फोनांना देवानंद इतका वैतागला, की त्याने यूट्यूबवर टाकलेल्या स्वतःच्या बागेच्या व्हिडिओंखाली रोपवाटिकेचा पत्ता आपणहून लिहून टाकला. 'कलमं उत्तम, मालक कटकट्या.' काकासाहेब म्हणाले, "लिवू दे. खरं हाय."

बरीचशी कलमं गेली. राहिली त्यांच्या मुळ्या जमिनीत शिरल्या, त्या ओळीवरून काकासाहेब रोज एकदा मुकाट्याने चालून येतात. वेबसाइट दिवाळीच्या सुमारास परत आली, बरोबर चौथ्या पानावर. "आपलं सोताचं हाय तेवढं," राजनंदिनी म्हणाली. पुष्पाबाईंनी अनारशांचा डबा बाहेर काढला.

तीर्थपुरीच्या चौकात मात्र परवाच एक नवा बॅनर चढला. माजी सरपंच त्यातही हात जोडून हसताहेत. गुगल अजून त्या चौकात आलेलं नाही.